जुनी जीप, नवी कळ आणि कायदा

ऊस भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर ओल्या फडात रुतला म्हणजे त्याचे मागचे एक चाक जागच्या जागी भिरभिरू लागते आणि दुसरे निमूट उभे राहते. जाणता चालक अशा वेळी इंजिनाला उगाच रेटा देत बसत नाही. तो क्षणभर थांबतो, टाचेजवळचे एक लहानसे पेडल दाबतो आणि मग हळूच क्लच सोडतो. आता दोन्ही चाके एकाच गतीने फिरू लागतात आणि ज्या चाकाखाली घट्ट जमीन असेल ते चाक ट्रॅक्टरला ट्रॉलीसकट बाहेर काढते. या सोयीला ‘डिफरन्शियल लॉक’ म्हणतात. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला तिचे अप्रूप उरलेले नाही. ट्रॅक्टरबरोबर ती बहुधा आलेलीच असते.

त्याच शेतकऱ्याच्या दारात वीस-पंचवीस वर्षांची फोर-व्हील ड्राइव्हची जीप उभी असेल आणि तिच्यात हीच कळ बसवावी असे त्याच्या मनात आले, तर मात्र गोष्ट अवघड होते. कळ बाजारात मिळते. ती बसविणारा कारागीर शोधला तर सापडतो. खर्चही नव्या गाडीच्या किमतीच्या मानाने अगदी थोडा असतो. परंतु हे करणे कायद्याला मान्य आहे काय, या साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर त्याला कोणी देत नाही. वरवर पाहता हा मूठभर जीपवाल्यांचा प्रश्न वाटेल. वस्तुतः हाती असलेली टिकाऊ वस्तू दुरुस्त करून, गरजेप्रमाणे सुधारून वापरण्याची मुभा नागरिकाला कोठवर असावी, असा हा प्रश्न आहे. म्हणूनच ज्यांनी आयुष्यात कधी जीपचे चाक हाती धरलेले नाही, त्यांनीही त्याचा विचार करावयास हवा.

जीपचा वारसा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या तयार केल्या. युद्ध संपल्यावर हे वाहन शेतीकडे, जंगलखात्याकडे आणि डोंगराळ मुलखाच्या कारभाराकडे वळले. आपल्याकडे १९४७ साली महिंद्र कंपनीने विलिस जीपची जुळणी मुंबईत सुरू केली आणि पुढे ‘जीप’ हा शब्द मराठीत इतका मुरला की तो परका आहे हे आपण विसरलो. तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत आणि निवडणूक प्रचारापासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सर्वांना जीपने वाहिले. १९८५ साली मारुतीची ‘जिप्सी’ आली. ताडोबाच्या जंगलात पर्यटकांना नेणाऱ्या गाडीला हेच नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. जबलपूरच्या कारखान्यात लष्करासाठी तयार होणारी ‘जोंगा’ लिलावातून नागरिकांच्या हाती आली आणि तिला डिझेलचे इंजिन बसवून लोकांनी ती वर्षानुवर्षे चालविली.

या गाड्यांची बांधणी साधी आहे. भक्कम पोलादी सांगाडा, खाली दोन अखंड ॲक्सल, त्यांवर पाटे आणि सगळे नटबोल्ट उघड्यावर. संगणक नाही आणि नाजूक तारांचे जाळेही नाही. तालुक्याच्या गावातला मेकॅनिक ती खोलू शकतो आणि पुन्हा जोडू शकतो. सुटे भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारात आजही मिळतात. अशा गाडीचे वय नोंदणीच्या तारखेवरून मोजण्यापेक्षा तिच्या सांगाड्यावरून मोजणे अधिक शहाणपणाचे आहे.

चार चाके की दोन?

तथापि या गाड्यांत एक मूळचे वैगुण्य आहे. फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे चारही चाके सदैव ओढतात, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. शाळेच्या कवायतीत मुलांची रांग वळते तेव्हा आतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागीच पाय आपटतो आणि बाहेरच्या टोकाचा लांब टांगा टाकतो. वळणावर गाडीच्या चाकांचेही तेच होते. आतले चाक कमी अंतर कापते, बाहेरचे जास्त. दोन्ही एकाच दांड्यावर जखडली तर टायर रस्त्यावर घासत जातील. ही अडचण दूर करण्यासाठी दातेरी चक्रांची जी रचना ॲक्सलच्या मध्यभागी बसविलेली असते, तीच डिफरन्शियल. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञाने १८२० नंतरच्या दशकात वाफेच्या गाडीसाठी तिची कल्पना मांडली होती. रस्त्यावरची प्रत्येक मोटार आज तिच्या आधाराने वळते.

रस्त्यावर जी सोय, तीच चिखलात गैरसोय ठरते. ही रचना दोन्ही चाकांना सारखाच जोर देते आणि तो जोर कमकुवत बाजूने ठरतो. मधोमध खुंटीवर फिरणाऱ्या जोखडाला दोन बैल जुंपले आणि त्यांतला एक हातपाय गाळून बसला, तर दुसरा कितीही ताकदीचा असला तरी त्याचे बळ वाया जाते. जोखड नुसते एका अंगाला फिरते आणि ओझे जागेवरून हलत नाही. जीपचे एक चाक गुळगुळीत चिखलावर आले की त्याला फिरवायला अगदी थोडा जोर पुरतो आणि तेवढाच थोडा जोर शेजारच्या, घट्ट जमिनीवरील चाकालाही मिळतो. गाडी जागची हलत नाही. पुढच्या ॲक्सलचे एक आणि मागच्या ॲक्सलचे एक अशी समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन चाके अधांतरी झाली, म्हणजे चार चाकांची गाडी लाचार होऊन उभी राहते. घाटातल्या ओढ्यात ज्याने हा अनुभव घेतला आहे, त्याला अधिक सांगावयास नको.

डिफरन्शियल लॉक त्या जोखडाची खुंटी तेवढ्यापुरती पक्की करते. मग बळकट बैल एकटाही ओझे ओढू शकतो. या कळीचे प्रकार अनेक आहेत. काहींत चालक दोरीने, हवेच्या दाबाने किंवा विजेच्या बटणाने चाके जखडतो आणि काम झाले की मोकळी करतो. काही कळी चाक घसरू लागताच आपोआप पकड घेतात. ऑस्ट्रेलियात हवेच्या दाबावर चालणारे लॉक गेल्या चार दशकांपासून जुन्या गाड्यांना बसविले जात आहेत. आपल्या देशातल्या कारखानदारांनाही हे तंत्र अपरिचित नाही. पुण्याच्या फोर्स मोटर्सने ‘गुरखा’ गाडीत पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलना लॉक दिले. महिंद्रने २०१५ पासून ‘थार’च्या मागच्या ॲक्सलला आपोआप पकड घेणारे लॉक देऊ केले. नव्या गाड्यांत घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे जोर वळविणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही असते, पण ती जुन्या गाडीत बसविणे सोपे नाही. यांत्रिक लॉक मात्र जुन्या ॲक्सलच्या पोटात बसते. कारखान्याने बसविले म्हणजे जे सुरक्षिततेचे साधन ठरते, ते मालकाने नीट बसवून घेतले म्हणजे एकाएकी संशयास्पद का व्हावे, हे समजणे कठीण आहे.

सुधारणेचा क्रम

येथे जीपमालकांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. जुनी गाडी सुधारणे म्हणजे तिला उंच करणे, बाहेर फुगणारे टायर चढविणे, टपावर दिव्यांची माळ लावणे आणि पुढे लोखंडी कठडा ठोकणे, अशी एक समजूत रूढ झाली आहे. ही सुधारणा नव्हे, सजावट आहे आणि तीही घातक. गाडी जितकी उंच तितकी वळणावर उलटण्याची भीती जास्त. मोठ्या टायरमुळे जुने ब्रेक अपुरे पडतात, स्टिअरिंगच्या सांध्यांवर ताण येतो आणि वेगमापक चुकीचा आकडा दाखवितो. पुढचा कठडा तर पादचाऱ्याच्या जिवावर उठतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने अशा कठड्यांवर कारवाई करण्याचे राज्यांना कळविले, ते योग्यच होते.

खऱ्या सुधारणेचा क्रम याच्या उलट आहे. आधी दुरुस्ती. ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, पाट्यांचे बुश, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि चाकांचे बेअरिंग ठाकठीक नसतील तर पुढचा सगळा खर्च व्यर्थ आहे. मग टायर. मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे चांगले टायर घातले आणि कच्च्या वाटेवर हवा तीस पौंडांवरून अठरा-वीसपर्यंत उतरविली, तर टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि पकड लक्षणीय वाढते. या उपायाला हवा मोजण्याचे साधन आणि परत भरण्याचा पंप एवढेच लागते. पक्क्या रस्त्यावर येताच हवा पूर्ववत करावी लागते, हे मात्र विसरून चालत नाही.

त्यानंतर गाडी ओढून काढता यावी म्हणून सांगाड्याला पुढे-मागे बळकट आकडे हवेत. बंपरला दोर बांधून ओढणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. आणखी एक उपाय इतका साधा आहे की त्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. प्रत्येक ॲक्सलला हवा जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि छिद्रातून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेलात पाणी मिसळले म्हणजे काही महिन्यांत बेअरिंग आणि चक्रे खराब होतात. त्या छिद्राला रबरी नळी जोडून तिचे तोंड उंचावर नेऊन बांधले की काम झाले. थोडक्या रुपयांच्या नळीने पुढचा मोठा खर्च वाचतो.

एवढे झाल्यावर लॉकचा विचार करावा आणि तोही आधी मागच्या ॲक्सलचा. या कळीला तिचे धोके आहेत. डांबरी रस्त्यावर चाके जखडलेली राहिली तर टायर झिजतात, गाडी वळायला कुरकुरते आणि आतला हाफ शाफ्ट तुटण्याची भीती असते. ओल्या, बाजूला कललेल्या उतारावर दोन्ही चाके एकदम घसरून गाडी आडवी सरकू शकते. पुढची चाके जखडली तर स्टिअरिंग जड होते. म्हणून लॉक हे सतत वापरण्याचे साधन नाही. ते औषधासारखे मोजून घ्यावयाचे असते. ते बसविणे हेही ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हे. क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक मिलिमीटरच्या एकदोन दशांशांत राखावी लागते. दातांवर रंग लावून ते कोठे टेकतात हे पाहावे लागते. हातोडीच्या अंदाजाने बसविलेले लॉक भर घाटात ॲक्सलसकट गाडीला दगा देईल.

कायद्याचे धुके

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मूळ नमूद केलेला तपशील आणि नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील यांत तफावत पडेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व ठामपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नव्याने घातलेल्या कलम १८२-अ प्रमाणे, कायद्याने किंवा नियमांनी परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या, त्यात बाहेरचे भाग बसविणेही आले, अशा मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या तरतुदींमागचा हेतू शुद्ध आहे. वाटेल तसे कापून जोडलेले वाहन रस्त्यावर येणे हा इतरांच्या जिवाशी खेळ आहे. पण नोंदणी प्रमाणपत्रात डिफरन्शियलचा रकाना नसतो. मग त्यात बदल केल्याने तफावत पडते की नाही? तफावत पडत नसेल, तरी तो ‘परवानगी नसलेला फेरफार’ ठरतो काय? सामान्य मालकाने हा अर्थ कोणाकडून लावून घ्यावा? परिवहन कार्यालयात विचारावयास जावे, तर आपण होऊन कबुलीजबाब दिल्यासारखे होईल अशी त्याला धास्ती वाटते. न विचारता काम करावे, तर अपघातानंतर विमा कंपनी आक्षेप घेईल ही चिंता. परिणाम असा होतो की कायद्याला भिणारा मनुष्य उपयोगाची सुधारणाही करीत नाही आणि न भिणारा टपावर दिव्यांची माळ लावून भर बाजारातून फिरतो.

दुसऱ्या बाजूने जुन्या गाडीवरचा बोजा वाढतच आहे. मार्च २०२१ मध्ये सरकारने वाहने मोडीत काढण्याचे धोरण संसदेत जाहीर केले. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी नव्याने करून घेण्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते २०२५ मध्ये १०,००० रुपये झाले. फेरनोंदणीपूर्वी गाडीची तपासणी व्हावी हे आम्हांस मान्य आहे. जुन्या डिझेल इंजिनांचा धूर हा शहरातल्या मुलांच्या छातीत जाणारा धूर आहे आणि डिफरन्शियल लॉकने तो कमी होत नाही, हेही आम्ही नाकारीत नाही. धुराची परीक्षा कडक करा आणि तीत नापास होणारी गाडी रस्त्यावर येऊ देऊ नका. पण जी गाडी ही परीक्षा उत्तीर्ण होते, तिचा सांगाडा सुदृढ आहे आणि जी वर्षातून काही हजार किलोमीटर डोंगरातल्या कच्च्या वाटांवर चालते, तिला केवळ वयाची शिक्षा का? नवी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी दहा लाखांच्या पुढे जाते. ती घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाला जुनी मोडीत काढ असे सांगणे म्हणजे पायी चाल असे सांगणे आहे.

उदाहरण घरचेच

यावर तोडगा शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. पेट्रोलच्या मोटारीला सीएनजीचे किट बसविणे हा लॉकपेक्षा कितीतरी मोठा फेरफार आहे. त्यात प्रचंड दाबाखाली वायू भरलेली टाकी गाडीत येते. तरीही आपण त्याला बंदी घातली नाही. किटच्या नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेकडून परीक्षा, अधिकृत केंद्रात जोडणी आणि नोंदणी प्रमाणपत्रावर नोंद, असा मार्ग आखून दिला. २०१९ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी वाहनात करावयाच्या बदलांनाही जागा ठेवली. मग जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या मोजक्या सुधारणांना तसाच मार्ग का असू नये?

जर्मनीत वाहनातील बदल तांत्रिक तपासनीसाकडून पारखून कागदपत्रांत नोंदविले जातात. ऑस्ट्रेलियात हलक्या वाहनांच्या फेरफारांसाठी राष्ट्रीय आचारसंहिता आहे आणि मोठ्या बदलांना मान्यताप्राप्त तज्ज्ञाचे प्रमाणपत्र लागते. आपल्याकडे तर पुण्यात १९६६ पासून ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था उभी आहे. वाहनांची आणि त्यांच्या भागांची परीक्षा हेच तिचे काम. केंद्र सरकारने तिच्याकडून फेरफारांच्या तीन याद्या करून घ्याव्यात. पहिलीत बिनपरवाना करता येणारे बदल असावेत, म्हणजे ॲक्सलची नळी, ओढण्याचे आकडे, मूळ मापाचे टायर. दुसरीत परीक्षा झालेले भाग अधिकृत केंद्रात बसवून नोंद घेण्याचे बदल असावेत. डिफरन्शियल लॉक, अधिक चांगले ब्रेक आणि पाट्यांतील मर्यादित बदल या यादीत येतील. तिसरीत सांगाडा कापणे, कठडे, बाहेर येणारे टायर, डोळे दिपविणारे दिवे यांसारखे सर्वथा निषिद्ध बदल असावेत आणि त्यांच्या बाबतीत दंडाची तरतूद न कचरता अमलात आणावी.

या व्यवस्थेचा आणखी एक लाभ आहे. हरियाणातल्या मंडी डबवालीची कीर्ती जीपा घडवून देणाऱ्या कारागिरांमुळे देशभर आहे. हे हस्तकौशल्य गावोगावी विखुरलेले आहे. पण त्याला ना मोजमापाची शिस्त, ना प्रमाणपत्र, ना कायद्याचे छत्र. आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलाला ॲक्सल शास्त्रशुद्ध खोलून जोडण्याचे खास शिक्षण दिले आणि त्या कामाला अधिकृत मान्यता दिली, तर त्याला आपल्या तालुक्यातच प्रतिष्ठेचा रोजगार मिळेल. कारागिराला चोरासारखे काम करावयास लावणारी व्यवस्था चांगले कारागीर निर्माण करू शकत नाही.

कोणी म्हणेल, अशी मुभा दिली तर हौशी मंडळी जीपा घेऊन सह्याद्रीच्या सड्यांवर धुडगूस घालतील. ही भीती निराधार नाही. कासचे पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत आले. तेथल्या पातळ मातीवरून एक चाक गेले तरी ती जखम वर्षानुवर्षे भरून येत नाही. अशा ठिकाणी लॉक असलेली असो वा नसलेली, कोणतीही गाडी जाता कामा नये आणि ते पाहणे जंगलखात्याचे काम आहे. पण जेथे वहिवाटीची वाट आहे तेथे भिरभिरणारे चाक खड्डा खणते आणि जखडलेले चाक शांतपणे पुढे जाते, हेही ध्यानात घ्यावे. वाटेची नासाडी घसरणाऱ्या चाकाने होते, पकडणाऱ्या चाकाने नव्हे.

आपल्या घरांत एकेकाळी शिलाई यंत्र, सायकल आणि मनगटी घड्याळ दोन-दोन पिढ्या चालत. तो केवळ गरिबीचा परिणाम नव्हता. वस्तू कशी चालते हे जाणून घेण्याची आणि बिघडली तर नीट करण्याची वृत्तीही त्यामागे होती. वस्तू टाकून नवी घेण्याच्या आजच्या काळात ती वृत्ती वेडगळ वाटू लागली आहे. तरीही पोलाद, रबर आणि श्रम खर्चून एकदा घडविलेली गाडी सुदृढ असेल तोवर उपयोगात ठेवणे, हे व्यक्तीच्या आणि देशाच्याही हिताचे आहे. सरकारने जुन्या गाडीची परीक्षा जरूर घ्यावी. पण परीक्षा घेणाऱ्याने अभ्यासक्रम आधी जाहीर करावा लागतो, हा शाळेतला साधा नियम आहे. परिवहन खात्याने तो पाळला तर दारात उभ्या असलेल्या जीपच्या मालकाला कळ बसवून घेण्यासाठी कोणाची नजर चुकवावी लागणार नाही, आणि पावसाळ्यातल्या रात्री वाडीवरचे आजारी माणूस घेऊन निघालेली ती जीप ओढ्यातच अडकून पडणार नाही.